वाईट काळात गाळा उघडा कसा ठेवायचा

2019 च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या भोसरीतल्या आमच्या गाळ्यात तीन लेथ, हप्त्यावर घेतलेलं एक जुनं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आणि सहा माणसं होती. कामाचा जवळजवळ पाऊण हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून यायचा. त्या वर्षी गाड्यांची विक्री पडली आणि आमच्याकडे येणारं काम निम्म्यावर आलं. आधी दोन पाळ्यांची एक झाली, मग आठवड्यातले तीन दिवस मशीन नुसती पुसून ठेवायची वेळ आली. कसंबसं सावरत होतो, तेवढ्यात मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला.

गाळा आजही चालू आहे. पण त्या दीड वर्षात जे करायला हवं होतं, त्यातलं निम्मं आम्ही उशिरा केलं आणि काही उलट्या क्रमाने केलं. नव्याने धंद्यात उतरलेल्या कुणावर ती वेळ आली तर क्रम तरी हाताशी असावा, म्हणून हे लिहितो आहे. उदाहरणं वर्कशॉपची आहेत, कारण मला तेच माहीत आहे. खाणावळ, शिलाई, छपाई असं काही करत असाल तर आकडे बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

आधी दिवस मोजा

अडचणीत असलेल्या माणसाला सगळे मनापासून सांगतात, धीर सोडू नका. पण 7 तारखेचा पगार आणि 10 तारखेचा हप्ता धीरावर भागत नाही. लहान धंदा पुष्कळदा काम हातात असताना बंद पडतो, कारण त्या तारखेला रोकड नसते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: आजपासून एक रुपयाही आला नाही, तर गाळा किती दिवस उघडा राहील?

वही घ्या आणि महिन्याचा न चुकणारा खर्च लिहा. समजा पगार 1,10,000, भाडं 22,000, बँकेचा हप्ता 31,000, वीज 18,000, तेल-टूल-टेम्पो मिळून 14,000 आणि घरखर्च 30,000. बेरीज 2,25,000, म्हणजे दिवसाला 7,500. खात्यात 1,80,000 असतील तर तुमच्याकडे 24 दिवस आहेत.

घरखर्च यात लिहायचाच. मी पहिल्यांदा तो वगळला होता. घरचं भागेल कसंतरी, असं मनाशी म्हटलं आणि दोन महिन्यांनी मुलीच्या शाळेची फी गाळ्याच्या खात्यातून गेली. उधारीवर गेलेला माल मात्र या हिशेबात जमेला धरायचा नाही. तो पैसा खात्यात येईल त्या दिवशी धरा.

हा आकडा कळला की भीतीचं रूप बदलतं. "आता काय होणार" याची जागा "हे 24 दिवस 40 कसे करायचे" हा प्रश्न घेतो, आणि या प्रश्नावर काम करता येतं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आम्ही दर गुरुवारी सकाळी दिवस पुन्हा मोजायचो. बायको आकडे वाचायची, मी लिहायचो.

कुणाला आधी द्यायचं, ते ठरवा

पैसे पुरत नसले की जो जास्त ओरडतो त्याला आधी दिले जातात. हा क्रम चुकीचा आहे. क्रम आपण ठरवायचा, तोही शांत डोक्याने, तगादे सुरू होण्याआधी.

आमचा क्रम असा ठरला: कामगारांचा पगार, मग जे पैसे मुळात आपले नाहीतच ते, मग वीज, मग बँक, मग भाडं, मग मालवाले. आपले नसलेले पैसे म्हणजे गिऱ्हाइकाने बिलात दिलेला जीएसटी आणि कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ. दोन्ही आपल्या खात्यातून जातात म्हणून आपले वाटतात आणि अडचणीत पहिला हात त्यांच्यावरच पडतो. कामगाराचा कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. जीएसटीचा फटका धंद्याला लगेच बसतो. तुम्ही विक्रीचं रिटर्न भरलं नाही तर गिऱ्हाइकाला त्याचं क्रेडिट, म्हणजे त्याने दिलेल्या जीएसटीची वजावट, दिसत नाही, आणि क्रेडिट दिसत नाही म्हणून तो तुमचं बिल अडवतो. म्हणजे रोकड वाचवायला रिटर्न थांबवलं आणि त्यामुळेच येणारी रोकड थांबली. यावर साधा उपाय आहे. दुसरं खातं उघडा आणि बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी जीएसटीचा भाग तिकडे वळवा.

मालवाल्यांना यादीत शेवटी ठेवायचं असेल तर फोन मात्र त्यांना सगळ्यात आधी करायचा. ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी. "शेठ, या महिन्यात निम्मे देतो, बाकीचे पुढच्या 15 तारखेला" असं आपण होऊन सांगणाऱ्याला सहसा माल बंद होत नाही. फोन न उचलणाऱ्याचा होतो. आणि चेक देऊन वेळ मारून नेऊ नका. चेक परत गेला आणि समोरच्याने 30 दिवसांच्या आत नोटीस पाठवली, तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर फौजदारी खटला उभा राहतो. खात्यात पैसे येणार याची खात्री असेल तेव्हाच चेकवर सही करा.

विजेबद्दल एवढंच: मशीन बंद असतील तर महावितरणकडे मंजूर भार कमी करून घेण्यासाठी अर्ज करा. न वापरलेल्या भाराचा स्थिर आकार भरत बसू नका.

उधारी वसूल करणं हे काम आहे, आणि ते मालकाचं आहे

नवा उद्योजक इथे सगळ्यात जास्त लाजतो. मीही लाजायचो. पैसे मागितले तर पुढचं काम देणार नाहीत, ही भीती असते. अनुभवाने सांगतो, वेळेवर आणि नीट मागणाऱ्याचं काम त्यामुळे क्वचितच जातं.

बिल अडकण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. मालासोबत पाठवलेल्या चलनावर गेटचा शिक्का नाही. ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर यांत 20 पैशांचा फरक आहे. माल स्टोअरमध्ये पडला आहे, पण आवक नोंद झालेली नाही. रिजेक्शनची डेबिट नोट (नापास मालाचे पैसे कापल्याचा कागद) निघाली आहे आणि ती आपल्याला कुणी सांगितलेली नाही. फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकू येतं. म्हणून फाइल घेऊन स्वतः जायचं. प्रत्येक बिलामागे चलनाची सही-शिक्क्याची प्रत, ऑर्डरची प्रत, तपासणी अहवाल. अकाउंट्समध्ये "पैसे कधी मिळणार" असं विचारण्याऐवजी "मॅडम, हे बिल आत्ता कुणाच्या टेबलावर आहे" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांच्या हातात नसतं, दुसऱ्याचं असतं. एका गिऱ्हाइकाकडे आमची चार बिलं अडीच महिने पडून होती. मी जाऊन बसलो तेव्हा कळलं, एका चलनाचा नंबर चुकीचा टाइप झाला होता आणि ती चूक आमच्याच गाळ्यात झाली होती.

आता कायदा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात सोय आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते आणि ती अशा वादांसाठीच्या सुविधा परिषदेपुढे जाते. परिषदेचा निकाल खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी रकमेच्या 75 टक्के जमा करावे लागतात. 2024 पासून आयकराची बाजूही आपल्याला अनुकूल आहे: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदार आपल्याला प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला ती खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःच फोन करून उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, मागतात.

या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, आधार आणि पॅनवर. पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. ती धंद्याच्या पहिल्या महिन्यातच करा. भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा फायदा जुन्या बिलांना मिळेलच असं धरून चालू नका. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करत असाल तर नोंदणी होते, पण उशिरा मिळालेल्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही.

माझं मत विचाराल तर तक्रार शेवटी करा, पण कायदा पहिल्या दिवसापासून वापरा. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि "45 दिवसांत देय" ही एक ओळ छापा. ज्या गिऱ्हाइकाने काम देणंच बंद केलं आहे आणि पैसे अडकवले आहेत, त्याच्याविरुद्ध तक्रार करताना मात्र मागेपुढे पाहू नका.

बँकेत हप्ता चुकण्याआधी जा

हप्ता एक दिवस जरी थकला तरी बँकेच्या यंत्रणेत खात्यावर खूण पडते. 30 दिवसांपर्यंत पहिली पायरी, 31 ते 60 दुसरी, 61 ते 90 तिसरी. 90 दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. पहिल्या पायरीवर मॅनेजर तुमच्याशी बोलायला मोकळा असतो. तिसऱ्या पायरीपर्यंत त्याच्यावरच वरून दाब आलेला असतो आणि एनपीए झाल्यावर बोलणं वसुली विभागाशी करावं लागतं. म्हणून जे सांगायचं ते पहिल्या 30 दिवसांत, शक्य तर त्याच्याही आधी.

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: अडचणीतल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये बँकांना एक चौकट घालून दिली आहे. 25 कोटींपर्यंतची कर्जखाती तिच्यात येतात, आणि धंदा अडचणीत जातो आहे असं दिसलं तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. 10 लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर निर्णय शाखेच्या पातळीवर होतो, त्याहून मोठं असेल तर बँकेच्या समितीपुढे जातो. हप्ता लहान करून मुदत वाढवणं, कर्जाची नव्याने आखणी करणं असे मार्ग त्यात आहेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत दिवस मोजलेला कागद, येणी असलेल्या बिलांची यादी आणि हातातल्या ऑर्डरी न्या. "साहेब, जरा सांभाळून घ्या" याने काही होत नाही. "सहा महिने हप्ता 31,000 ऐवजी 18,000 करा, हा त्याचा हिशेब" असं म्हटलं की समोरचा कागद ओढून घेऊन वाचतो.

2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी तीन महिने आणि मग 31 ऑगस्टपर्यंत. आमच्या लेनमध्ये कितीतरी जणांनी ती माफी समजली. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. पुढे कधी अशी सवलत मिळाली तर आधी विचारा, थांबलेल्या महिन्यांचं व्याज कुठे जमा होणार आणि मुदत किती वाढणार.

बँक नाही म्हणाली की दोन दारं उघडी दिसतात: मोबाइलवरचं झटपट कर्ज आणि सावकार. जुना हप्ता भरायला नवं महागडं कर्ज काढू नका, एवढं तरी माझं ऐका. सावकाराकडे जायचंच झालं तर त्याचा परवाना बघा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. घरातलं सोनं गहाण ठेवावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आम्ही एकदा ठेवलं, ऑर्डर हातात होती आणि माल घ्यायचा होता तेव्हा. ते पैसे तीन महिन्यांत फिरून आले. ऑर्डर नसताना, नुसता महिना काढायला म्हणून सोनं ठेवू नका.

माणसांना खरं सांगा

मी सहा आठवडे काही बोललो नाही. कामगारांना वाटलं, आपल्याला काढायचं ठरलंय म्हणून शेठ बोलत नाहीत. दोघांनी शेजारच्या गाळ्यात विचारणा सुरू केली होती. शेवटी सगळ्यांना चहाला बसवून वही दाखवली. आमचे जुने टर्नर (लेथ चालवणारे), ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. माझी ज्वारी काढायची आहे, मी महिनाभर गावी जातो. या पोरांना ठेवा." दोघं आळीपाळीने गावी गेले, पगाराचा बोजा हलका झाला आणि एकही माणूस कायमचा गेला नाही. चांगला टर्नर घडायला पाच वर्षं लागतात. तो एकदा गेला की काम परत आलं तरी करणार कोण?

पगार उशिरा होणार असेल तर तारीख सांगा आणि ती पाळा. अर्धा द्यायचा तर सगळ्यांना अर्धा.

ज्या कारणाने काम अडलं, ते कारणच बघा

लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यानंतरचा पावसाळा कुणी सांगत नाही. पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. काम थांबलं नाही. मला ही गोष्ट 80 रुपयांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. अडचण ऊन नसण्याची होती, तेवढीच त्यांनी सोडवली, तीही परवडेल अशा वस्तूने.

किर्लोस्कर उद्योग उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं दुखणं वेगळं होतं. लोखंडी नांगर तयार होते, पण लोखंडाने जमिनीला विष होतं असा शेतकऱ्यांचा समज होता. जवळपास दोन वर्षं नांगर विकले गेले नाहीत. मालात खोट नव्हती, अडथळा विश्वासाचा होता.

तुमचं काम नेमकं कशाने अडलं आहे? माल चांगला आहे पण मागणी नाही, मागणी आहे पण पैसे मिळत नाहीत, की पैसे मिळतात पण दरच परवडत नाही? तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. आमचं अडलं होतं एकाच गिऱ्हाइकावर विसंबल्यामुळे. मग आम्ही रोखीची किरकोळ कामं शोधली. पिठाच्या गिरणीचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, पंपाचे बुश. उन्हाळ्याआधी रसवंतीवाले चरकाचे रोल दुरुस्तीला काढतात, म्हणून जानेवारीत आळंदी आणि चाकणच्या रस्त्याने गाड्यांवर फिरून विचारत गेलो. काम छोटं, पण रोल घेऊन जातानाच पैसे हातात. त्या हंगामात पगार त्यावर निघाले. सीएनसी घेतलेल्या माणसाला चरकाचा रोल फिरवणं सुरुवातीला जड जातं. मशीनला त्याचं काही वाटत नाही.

झोप

रात्री तीनला जाग यायला लागली की घरात बोला. घरच्यांना लपवलेलं कर्ज सगळ्यात जास्त छळतं. जोडीदाराला वही दाखवा, सगळी. आणि मनात जीव नकोसा झाल्यासारखे विचार येत असतील तर 14416 वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. धंदा परत उभा करता येतो, बंदही करता येतो, नव्याने काढताही येतो. तुमच्यासारखं माणूस घरच्यांना दुसरं मिळत नाही.

थांबायची रेषा आधीच लिहून ठेवा

प्रत्येक धंदा टिकवलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण थांबायचं कधी, हे अडचणीच्या ऐन मध्यावर ठरवता येत नाही. तेव्हा रोज उद्याची आशा असते. म्हणून वहीच्या मागच्या पानावर आजच लिहा. आमची रेषा अशी होती: राहतं घर गहाण पडणार नाही, आणि लागोपाठ सहा महिने गाळा स्वतःचं भाडं आणि पगार काढू शकला नाही तर मशीन विकायची. पानाखाली आम्ही दोघांनी सही केली. पाचव्या महिन्यापर्यंत गेलो होतो.

बंद करायचंच झालं तर मशीन चालू असताना विका. धूळ बसलेल्या मशीनला भंगाराचा भाव येतो. जीएसटी क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करा आणि तो रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरा, नाहीतर दंड चढत राहतो. विजेची अनामत परत मागा. कामगारांचा हिशेब आधी मिटवा.

काम परत आलं की

हा टप्पाही धोक्याचा आहे. वर्षभर उपाशी राहिलेल्या गाळ्यात मोठी ऑर्डर येते आणि माल घ्यायला रोकड नसते. अशा वेळी पहिल्या दोन-तीन ऑर्डरी जॉबवर्कवर घ्या: माल गिऱ्हाइकाचा, मजुरी आपली. नफा कमी सुटतो, पण आपली रोकड मालात अडकत नाही. एका गिऱ्हाइकाचं काम एक तृतीयांशाच्या वर गेलं की नव्या गिऱ्हाइकासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा. आणि पहिला बरा महिना आला की नवं मशीन बघायला जाण्याआधी तीन महिन्यांच्या पगाराएवढी मुदत ठेव करा, घरच्या खात्यापासून वेगळी. आमची व्हायला दोन वर्षं लागली. गुरुवारची वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात तिच्यात 96 दिवस लिहिले आहेत.